लखमाच्या बंदुकीचा नंबर

तुम्ही वडसा-ब्रह्मपुरीकडचे असाल, तर ही गोष्ट तुम्ही ऐकली आहे. बहुतेक माझ्याच तोंडून. हसलाही असाल, पोट धरून. पण तुम्ही ऐकलीत ती मी रंगवलेली गोष्ट — आणि रंगवणं हा तर माझा धंदाच. त्या रंगाखालचं लोखंड मी आजवर कोणाला दाखवलेलं नाही. बायकोला नाही. ज्यांच्या शेजारी बसून इतके हिवाळे तोंडाला रंग फासला, त्या नाटकातल्या दोस्तांनाही नाही. आज दाखवतो. आजच काऊन, ते विचारू नका. मलाही नीट माहीत नाही.

जरा माझ्या बेतानं सांगू द्या. मुद्द्यावर यायला मी वेळ लावतो, ही माझी जुनी खोड आहे. एरवी लोकांना मजा यावी म्हणून लावतो. या वेळी — बघा तुम्हीच.

आमचा जिल्हा तेव्हा चांदा. मध्य प्रदेशातून उचलून नुकताच मुंबई राज्यात नेऊन ठेवला होता. आम्हाला त्याचं काय? धान तेच, बैल तेच. बदलले ते कचेरीतले कागद. मी तेव्हा पंचविशीतला, वडशाला स्टेशनजवळ मोटारी रंगवायचं दुकान टाकलेलं. त्याआधी छकडे रंगवले, लग्नातल्या पेट्यांवर मोर काढले. पण नागपुरातून रंग उडवायचं मशीन आणलं आणि मी एकदम मोठा माणूस झालो. ब्रश नाही, कुंचला नाही — घोडा दाबला की फुस्स! आणि तांदळाचा जुनाट ट्रक पाहता पाहता नवरदेव. वाळतोही कसा, घटकाभरात. लोक उभे राहून बघायचे. मला तर काय, लोक उभे राहून बघायला लागले की पायाखाली रंगमंच लागल्यासारखंच होतं. हिवाळ्यात नाटकात विनोदी काम करायचो. उन्हाळ्यात दुकानात करायचो, एवढाच फरक.

अशा एका उन्हाळ्यात लखमा पाटील आला.

लखमा कुमरे. आरमोरीच्या पुढं जंगलातल्या एका लहानशा गोंड गावाचा पाटील. पन्नाशीचा, काटकुळा, बोलणं तोलूनमापून. त्याच्या गावात कोणाचं भांडण झालं तर पोलिसात जायची रीत नव्हती. लखमाच्या अंगणात जायची होती. तो काय म्हणेल ते दोन्हीकडचे ऐकत. हे मुद्दाम सांगतो आहे. पुढं लागेल.

घोंगडीत गुंडाळून त्यानं बंदूक आणली होती. बारा बोअरची, एकनळी, बापाच्या वेळची. गावाच्या धानावर रानडुकरं उतरत, त्यासाठी सरकारनं दिलेल्या परवान्याची. नळी गंजून तांबडी झालेली, लाकडी दस्ता तेलानं आणि घामानं काळा पडलेला. दरसाल ती गडचिरोलीच्या कचेरीत नेऊन दाखवावी लागे, आणि मागल्या खेपेला रांगेत सगळ्यांसमोर हवालदारानं ती हातात घेऊन म्हटलं होतं, "पाटील, बंदूक घरी राह्यली वाटते. हे तं बायकोची फुकनी उचलून आनली तुमी." सगळी रांग हसली होती.

लखमानं हे मला सांगितलं तेव्हा तो हसला नाही. नळीवरून हात फिरवत म्हणाला, "पेंटरभाऊ, माया बापाची हाये हे. फुकनी म्हनलं तिले चारचौघात. तिले असं करून द्या, का त्यानं पुढच्या खेपेले तोंड उघडलं नाई पायजे."

"तोंड? अहो पाटील, तो सलाम ठोकल. सायबाची बंदूक समजून!"

हे मी. दुकानात चार माणसं होती ना बघायला.

काम करताना मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आता ते आठवलं तरी बोटं शिवशिवतात, हीच तर पंचाईत आहे. दस्ता कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धुतला — काळा फेस आला, त्याला मोहाच्या बियांच्या तेलाचा वास. खालून शिसवीचं लाकूड निघालं, जांभळट, रेषारेषांचं. नेम धरताना जिथं गाल टेकतो तिथं त्या लाकडाला खळी पडली होती. आधी बापाच्या गालानं, मग लेकाच्या. बोट ठेवलं तर बसायचं. मी काय केलं? पुट्टी भरली. मोटारवाल्याचं शास्त्र आहे ते — खड्डा दिसला की भरायचा. घासून सपाट केली, रंग जुळवला, वरून लॅकरचे पाच हात उडवले. दस्ता आरशासारखा. तोंड बघून भांग पाडावा!

मग नळी. गंज हातानं काढायचा तर आठवडा गेला असता. मी ती पॉलिशच्या फिरत्या चाकाला लावली. ठिणग्या उडत होत्या, नळी उजळत होती, आणि मी नाटकातलं एक पद म्हणत होतो. चाक थांबवलं, रॉकेलच्या फडक्यानं पुसलं. चांदी! नुसती चांदी! मी ती फिरवून फिरवून पाहिली.

आणि तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा लक्षात आलं की नंबर गेला.

बंदुकीला नंबर असतो. नळीच्या मागच्या अंगाला, लोखंडात ठोकलेला. परवान्यावर तोच, कचेरीच्या वहीत तोच. माणसाला जशी जात लावून ठेवतात तसा. तो आधीच झिजून पुसट झाला असणार. राहिलेला मी चाकावर चाटून टाकला होता. काय होता तो, मी पाहिलाही नव्हता.

आता इथं, मित्रा — तुला मित्रच म्हणतो — इथं मला थांबता आलं असतं. लखमा दुसऱ्या दिवशी यायचा होता. त्याला सांगायचं होतं: पाटील, माझ्या हातून नंबर गेला, चला दोघं कचेरीत जाऊ, मी सांगतो काय झालं ते. फार तर शिव्या बसल्या असत्या. पण सलामाचं वचन दिलेलं ना मी! ज्याच्यासमोर एवढी मिशी पिळली, त्याच्यासमोर ती खाली कशी करायची? म्हणाल, एवढ्याशा तोऱ्यापायी? हो. एवढ्याशाच.

परवाना बंदुकीबरोबरच होता, बांबूच्या पोंगळीत गुंडाळून ठेवलेला. इंग्रजांच्या वेळचा पिवळा कागद, कोण्या कारकुनानं शाईनं भरलेला. नंबरच्या रकान्यात मी वाचलं: चोवीस तीस. समोरच्या मिस्त्रीकडं इंजिनावर आकडे ठोकायचे पोलादी ठसे होते, इंग्रजी आकड्यांचे. मागून आणले. दोन, चार, तीन, शून्य — चार घाव. सरळ ओळीत, सुबक. वरून लोखंड काळं करायचं नवं औषध नागपूरहून आलं होतं, ते पुसलं. नळी भुंग्यासारखी काळी झाली. आधी काही नव्हतंच, असं वाटावं इतकं छान काम.

दुसऱ्या दिवशी लखमानं बंदूक हातात घेतली आणि उलटीपालटी करून पाहिली. मग खांद्याला लावली, गाल टेकवला. उचलला. पुन्हा टेकवला.

"गाल बसत नाई, भाऊ."

"नवी हाय ना पाटील. नवी नवरी लगेच बोलते काय?"

तो हसला. मग त्याचा अंगठा नळीच्या मागच्या अंगाला गेला. त्याला वाचता येत नव्हतं. पण बापाची बंदूक त्याला अंगठ्यानं पाठ होती. तो अंगठा तिथंच राहिला. "आकडा टोचून राह्यला. पयले टोचत नोता."

"गंज गेला, म्हणून वर आला."

"असं काय," तो म्हणाला. आणि विश्वास ठेवला. इतका सोपा होता तो विश्वास, की मला वाईट वाटायलाही वेळ मिळाला नाही.

त्या वर्षी नव्या राज्याचे कागद जुळवायचे म्हणून तपासणी लवकर निघाली, भादव्यातच. लखमा धुतलेला सदरा घालून, बंदूक नव्या कापडात गुंडाळून गेला. हवालदारानं तोंड उघडलं नाही, हे खरं. कारण पुढचं तोंड कारकुनानं उघडलं. वहीत नंबर अठ्ठावीस तीस. बंदुकीवर चोवीस तीस. आणि बंदूक कोरी करकरीत! सरकारी डोक्यानं जे जुळवायचं ते जुळवलं — पाटलानं परवान्याची बंदूक कोण्या चोरट्याला विकली आणि दुसरीच आणून दाखवतो आहे. बंदूक ठेवून घेतली, पाटलालाही ठेवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तो हवालदार माझ्या दुकानात आला. परवाना सोबत होता. त्यानं तो माझ्यासमोर धरला आणि नंबरावर बोट ठेवलं, "अठ्ठावीस तीस. तुमच्याकडं आली तेव्हा कोनता होता?"

मी पाहिलं. आणि दुसऱ्या आकड्यावर अडलो.

तुम्हीही करून पाहा. दोन, तीन आणि शून्य हातानं लिहा — इंग्रजी लिहा नाहीतर मराठी, दिसतात एकसारखेच. त्या नंबरात वेगळा ओळखू येईल असा एकच आकडा होता, आणि तो इंग्रजी आठ होता. पण कारकुनानं घाईत लिहिलेला. वरचा गोल त्यानं मिटवलाच नव्हता. डोकं उघडं, खाली गाठ. माझ्यासारखा मराठी चौथी शिकलेला माणूस त्याला काय म्हणेल? चार. सरळ, सुंदर मराठी चार! आठाचं तोंड उघडं राहिलं आणि मी ते चार म्हणून लोखंडात ठोकून टाकलं.

हे सगळं मला त्या क्षणी कळलं. हे लक्षात ठेवा. मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही. हवालदार उभा होता, उत्तराची वाट बघत होता, आणि काय झालं ते अख्ख्या जिल्ह्यात मला एकट्याला माहीत होतं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं: साहेब, हा चार मी ठोकला. पण बंदुकीचा नंबर बदलणं म्हणजे तुरुंग, एवढं मलाही माहीत होतं. आणि दिवाळीनंतर नाटकं सुरू व्हायची होती. पहिल्यांदाच मोठं काम मिळालं होतं.

मी छातीवर हात ठेवला. अगदी असा. "साहेब, माझ्याकडं आली ती हीच बंदूक. नंबर हाच होता, चोवीस तीस. मी फक्त रंग दिला." काय आवाज लावला होता मी! खालच्या पट्टीतला, थोडा दुखावलेला, सज्जन. नाटकात तसा आवाज मला पुढं कधी लागला नाही. हवालदारानं लिहून घेतलं. मी सही केली, वळणदार.

ते तीन वाक्यांचं लिहिणं कचेरीत वाचून दाखवलं गेलं. लखमानं त्यातलं पहिलं घेतलं, साहेबांनी दुसरं. पेंटरकडं यायच्या आधीच नंबर वेगळा होता, म्हणजे अदलाबदल पाटलानंच केली — असा त्याचा अर्थ झाला. विकल्याचा पुरावा सापडला नाही, म्हणून माणूस सुटला. बंदूक सरकारजमा झाली आणि परवाना गेला.

त्या कार्तिकात डुकरांनी त्या गावचं धान लोळवलं. गाव मचाणांवर बसून डबे बडवत राहिलं. डुकरं काय, डब्याला चार दिवस भितात. पण धान पुढच्या साली पुन्हा येतं. जे गेलं ते वेगळंच. पुढं कधीतरी दोन भावांच्या बांधाचं भांडण लखमाच्या अंगणात आलं. त्यानं निवाडा सांगितला, आणि त्यातला धाकटा उठून म्हणाला, "बापाची बंदूक इकनारा आमचा बांध ठरवते काय?" लखमा उठून घरात गेला. त्यानं पाटीलकी सोडली. त्यानंतर भांडणं पोलिसात जायला लागली. हे मला त्याच्याच गावच्या गाडीवानानं सांगितलं. मी तेव्हा एका ट्रकवर कमळ काढत होतो. काढत राहिलो.

लखमा कचेरीतून सुटला तेव्हा आधी कुठं आला असेल? माझ्याकडं. पानाच्या पुड्यात चारोळी घेऊन. मला वाटलं, आलं आता. हातातलं मशीन मी खाली ठेवलं होतं, म्हणजे पळायला बरं. आणि तो म्हणाला, "भाऊ, तिथी सारे म्हनत होते का हे दुसरी बंदूक होय. तुमी एकटे म्हनले, हेच होय. मी आयकलं. वाचून दाखोलं त्यायनं." मग चारोळी पुढं केली. "कागदच चुकला असन त्यायचा. तुमी काऊन खोटं बोलसान?"

मी घेतली. बायकोनं शिऱ्यात घातली, छान लागली. पुढं दरसाल चारोळीच्या दिवसांत तो पुडा येत राहिला, कधी त्याच्या हातानं, कधी गाडीवानाच्या. दरसाल आम्ही शिरा खाल्ला.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. नंबर ठोकला, खोटं बोललो, झालं. मलाही बरीच वर्षं वाटत होतं की पाप म्हणतात ते एवढंच. पण भ्यालेला माणूस खोटं बोलतो, ते जगात कोण करत नाही? मी त्याच्या पुढचं केलं. मी त्याची गोष्ट केली.

कशी सुरू झाली आठवत नाही. कोणीतरी दुकानात विचारलं असेल, ते बंदुकीचं काय झालं हो? आणि खरं सांगायचं नाही म्हटल्यावर माझ्यासारख्याला काय उरतं? गंमत! मी लखमाची चाल केली, त्याचा तोललेला आवाज केला, गाल टेकवून बघणं केलं. आणि शेवट बसवला. शेवट असा, की साहेब विचारतात, "पाटील, वहीत अठ्ठावीस आणि बंदुकीवर चोवीस, हे कसं?" आणि पाटील हात जोडून म्हणतो, "सायेब, नवरी करून सजवली नं तिले. लगन झालं का पोरीचं नाव बदलतेच!"

असं लखमा कधी बोलला नव्हता. ते मी त्याच्या तोंडी घातलं. पण काय हशा यायचा! आपल्याकडं लग्नात ताटातल्या तांदळात सुनेचं नवं नाव लिहितात, ते सगळ्यांनी पाहिलेलं. वाक्य पडलं की बायासुद्धा पदर तोंडाला लावायच्या. ड्रायव्हरांनी ती गोष्ट पार चामोर्शीपर्यंत नेली. कोणी काही अदलाबदल केली की लोक म्हणायला लागले, "लखमाची बंदूक केली लेकानं." ज्यांना बंदूक माहीत नाही, लखमा माहीत नाही, तेही म्हणायला लागले. ज्याच्यावर कचेरीला काही शाबीत करता आलं नव्हतं, त्याच्यावर मी ते शाबीत करून टाकलं. हसवून.

आणि मग आरमोरीचा बाजार. भर दुपार, चहाच्या टपरीवर दहा-बारा माणसं, मी बाकड्यावर उभा. गोष्ट रंगलेली. शेवटचं वाक्य टाकलं, हशा उसळला, आणि त्या हशाच्या मागं, टोपली खांद्यावर घेतलेला लखमा उभा दिसला.

त्याच्याकडं पाहून कोणीतरी ओळखलं. एक जण दबक्या आवाजात म्हणाला, "आता उतरते पेंटर खाली." सगळे बघत होते — त्याच्याकडं नाही, माझ्याकडं.

लखमानं टोपली खाली ठेवली. म्हणाला, "सांगू द्या त्याले. पोलिसाजवळ मायासाठी तो एकटा खरं बोल्ला होता. त्याले मायावर हासाचा हक हाये." आणि टपरीवाल्याला म्हणाला, "पेंटरभाऊले चाय दे. मायाकडून."

मी बाकड्यावरच होतो. मला खाली उतरता आलं असतं. तिथं, सगळ्यांसमोर, त्याच्यासमोर. यापेक्षा चांगली जागा मला पुढं मिळाली नाही, आणि आता मिळणारही नाही, कारण लखमा गेला.

चहा आला, मी प्यालो. तेवढ्यात मागून आलेले दोघे म्हणाले, आम्ही नाही ऐकली, पहिल्यापासून सांगा. मी लखमाकडं पाहिलं. त्यानं मान हलवली — सांगा.

मी पहिल्यापासून सांगितली. त्याची चाल त्याच्यासमोर केली, त्याचा आवाज त्याच्यासमोर काढला. सगळे हसले, तोही हसला. आणि माझ्या आयुष्यात ती गोष्ट त्या दिवशी रंगली तशी कधीच रंगली नाही.